वसूलकाका

लाल सिग्नल लागला की खूश होणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच असावा, आणि तो आमच्या सोसायटीत, बी विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर राहतो. मुलुंड चेकनाक्याहून घाटकोपरकडे निघालं की एलबीएस मार्गावर सोनापूर, मंगतराम पंप, कांजूर, गांधीनगर, श्रेयस अशी सिग्नलांची माळ लागते. बाकीचे लोक या माळेच्या प्रत्येक मण्याला महापालिकेचं, मेट्रोच्या खांबांचं नाहीतर पुढच्या रिक्षावाल्याच्या घराण्याचं नाव घेतात. हा माणूस मात्र लांबवर पिवळा दिवा दिसला की पाय अलगद उचलतो आणि ताटात नोट पडणार हे दिसलेल्या भाऊबीजेच्या बहिणीसारखा चेहरा करतो.

दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव आहे, पण सोसायटीत त्यांना सगळे वसूलकाका म्हणतात. तोंडावर म्हणतात. त्यांना ते चालतं, कारण नाव फुकट मिळालेलं आहे.

एक गैरसमज आधीच दूर करतो. वसूलकाका कंजूष नाहीत. कंजूष माणूस खिशात हातच घालत नाही, त्यामुळे त्याचं काम सोपं असतं. काका खिशात हात घालतात, रीतसर पैसे मोजतात, आणि मग त्या पैशांच्या मागे लागतात. दुधाची पिशवी धुऊन, उलटी करून, दोरीवर चिमट्याने वाळत घातली जाते; महिनाअखेर रद्दीवाल्याच्या काट्यावर तिचं वजन होतं. नारळाचं पाणी पोटात, खोबरं चटणीत, शेंडी भांडी घासायला आणि करवंटी कुंडीच्या तळाशी. वरच्या मजल्यावरच्या एसीतून ठिबकणारं पाणी खिडकीबाहेर टांगलेल्या डब्यात पडतं आणि तुळशीला जातं. एसी त्यांचा, वीज त्यांची, तुळस आमची, असं काका कृतज्ञतेनं सांगतात. कालिदास नाट्यगृहात नाटक बघायला गेले तर पहिली घंटा व्हायच्या आधी खुर्चीत बसलेले असतात, कारण तीन घंटांचे पैसे तिकिटात धरलेले असतात आणि दोन का सोडायच्या?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला, तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. वसूलकाकांनी पेढा खाल्ला, पण चेहऱ्यावर सुतक होतं. मी विचारलं तर म्हणाले, “४५ रुपये भरलेले असायचे, म्हणून ठाण्याला गेलो की चार कामं उरकून यायचो. आता ठाण्याला जाण्यात काही राम उरला नाही.”

या उत्तरात अख्खा माणूस आहे. आपल्याला वाचवलेल्या पैशाचा आनंद होतो. काकांना परत आलेल्या पैशाचा होतो.

हा स्वभाव जन्मजात असला तरी त्याला वळण लावलं ते रेल्वेनं. काका तीस वर्षं कुर्ल्याच्या कारशेडमध्ये लोकलच्या पोटाखाली होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला आली, हे ते अशा थाटात सांगतात की ती घ्यायला हेच स्टेशनवर गेले होते. १५०० व्होल्टच्या डीसीवर धावणाऱ्या जुन्या लोकल त्यांनी आयुष्यभर दुरुस्त केल्या आणि आयुष्यभर त्यांच्यावर मनातून रुसलेले राहिले. कारण सरळ होतं. गाडी वीज खाऊन वेग घ्यायची, दोन मिनिटांत पुढचं स्टेशन यायचं, ब्रेकचे ठोकळे चाकांवर घासायचे, आणि मघाशी खाल्लेली सगळी वीज उष्णता, वास आणि काळी भुकटी होऊन रुळांवर सांडायची.

“फलाटावर तो जळका वास यायचा, आठवतो?” काका विचारतात. “ते पैसे जळायचे.”

मग २००७ पासून पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या नव्या लोकल आल्या. या गाड्यांनी ब्रेक लावला की त्यांची मोटरच जनित्र होते आणि तयार झालेली वीज डोक्यावरच्या तारेत परत सोडते. भांडुपला थांबणारी गाडी नाहूरहून सुटणाऱ्या गाडीला हातउसनं देते म्हणा ना. वापरलेल्या विजेतला जवळजवळ तिसरा हिस्सा असा परत येतो, असा रेल्वेचा हिशेब. काकांनी हे पहिल्यांदा मीटरवर डोळ्यांनी पाहिलं त्या संध्याकाळी घरी येताना पाव किलो पेढे आणले. डबा अजून आहे. त्यात टाचण्या असतात.

निवृत्त झाल्यावर काकांनी गाडी घ्यायची ठरवलं. विजेवरची घेता आली असती, पण आमच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटवर दोन सर्वसाधारण सभा झाल्या. पॉइंट कुठे बसवायचा यावर पहिल्या दहा मिनिटांतच एकमत झालं. मीटरचं भाडं कुणी भरायचं यावर अजून झालेलं नाही. तेवढ्यात काकांना हायब्रिडचा शोध लागला. पेट्रोलचं इंजिन, जोडीला विजेची मोटर, मध्ये एक बॅटरी, आणि बॅटरीला बाहेरून वायर लावायची गरज नाही. ती आपली आपण, चालता चालता आणि मुख्य म्हणजे थांबता थांबता भरते. जपानमध्ये टोयोटाची प्रियस १९९७ सालीच आली. आपल्याकडे मध्यमवर्गाला मान वर करून बघता येतील अशा हायब्रिड २०२२ मध्ये आल्या: होंडाची सिटी, टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड व्हिटारा. काका आणखी एक वर्ष थांबले. “पहिल्या वर्षी गाडी घेणारे लोक कंपनीचे परीक्षक असतात,” त्यांचं म्हणणं, “आणि परीक्षकाला मानधन मिळायला हवं.”

त्यांनी यांतली कुठली घेतली ते लिहायची मला मनाई आहे. “फुकट जाहिरात? कंपनी मला काय देते?”

गाडी कशी चालते हे विचारायची चूक मी केली. उत्तर एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आलं. (पत्रिका एका बाजूलाच छापतात, दुसरी बाजू काका गेली कित्येक वर्षं वापरत आहेत. एकदा त्यांनी वाणसामानाची यादी दिली, तर दुकानदार उलटून बघत म्हणाला, “काका, मुहूर्त टळून गेला.”)

“लहानपणी सायकलला डायनामो होता?” त्यांनी विचारलं.

होता. टायरवर टेकवला की दिवा लागायचा आणि पेडल जड व्हायचं.

“तो जडपणा म्हणजेच हा ब्रेक. एरवी मोटर चाकांना फिरवते. आपण पाय उचलला की चाकं मोटरला फिरवायला लागतात. फिरली की ती वीज करते, पण वीज करणारी मोटर सुखासुखी फिरत नाही, अडून बसते. त्या अडण्यानं गाडी हळू होते. वीज बॅटरीत गेली. सिग्नल सुटला की तीच वीज काढायची आणि पुढे निघायचं.”

काकू शेजारी मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “म्हणजे कालच्या पोळीचा कुस्करा.”

काकांनी ते पत्रिकेवर लिहून घेतलं.

“मग साधे ब्रेक काढूनच टाकले असतील,” मी म्हणालो.

“छे! डिस्क आहे, पॅड आहेत, ब्रेक ऑइल आहे. सगळं आहे.” हे सांगताना त्यांचा आवाज थोडा पडला, ज्याच्यातून काही परत येत नाही अशा मालाचेही पैसे दिले आहेत, हे शल्य त्यात होतं. “ब्रेक दोन, पेडल एकच. गंमत तिथेच आहे.”

गंमत अशी. साध्या गाडीत आपण पेडल दाबलं की दाब तेलातून थेट चाकापर्यंत जातो आणि पॅड डिस्कला चिमटीत धरतात. काकांच्या गाडीत पेडल आधी फक्त निरोप देतं: साहेबांना एवढं थांबायचं आहे. पायाला जो नेहमीचा कडकपणा लागतो तो बराचसा स्प्रिंगनं वठवलेला असतो. निरोप संगणकाकडे जातो. तो मोटरला विचारतो, यातलं तू किती उचलतेस? मोटर सांगेल तेवढं तिचं, उरलेलं पॅडचं. गाडी जसजशी हळू होते तसतशी ही वाटणी सेकंदाच्या बारीक तुकड्यांत बदलत राहते आणि पायाला पत्ता लागत नाही. विजेची यंत्रणाच बंद पडली तर पेडल सरळ तेलाला जाऊन भिडतं आणि गाडी आजोबांच्या काळासारखी थांबते.

“पाय आपला, हिशेब तिचा,” काका म्हणाले.

मोटरच्या मर्यादाही त्यांनी नवरदेवाच्या नावामागे लिहून काढल्या. एक, ती पुढच्या चाकांना जोडलेली, तेव्हा मागची चाकं तिच्या हातात नाहीत. दोन, वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास आला की तिची पकड सुटत जाते आणि शेवटचे काही फूट पॅडनाच गाडी धरावी लागते. तीन, अचानक जोरात थांबायची वेळ आली, चाक घसरायला लागलं, की संगणक मोटरला बाजूला सारतो. जीव वाचवण्याच्या वेळी वसुली करत बसायची नसते. चार, बॅटरी भरलेली असेल तर वीज ठेवायला जागा नसते. चौथा मुद्दा काकांनी बारीक अक्षरात लिहिला होता. त्याची गोष्ट पुढे येते.

“आणि परत किती येतं?” काकूंनी विचारलं. त्यांनी मेथी संपवली होती.

काका याच प्रश्नाची वाट बघत होते. गाडी आणि आत बसलेली दोघं मिळून १४०० किलो. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणाऱ्या या ऐवजात सुमारे ५४ वॉट-तास ऊर्जा असते. “म्हणजे आपला स्वयंपाकघरातला नऊ वॉटचा दिवा सहा तास!” काकांनी विजयी मुद्रेनं दिव्याकडे बोट केलं. दिवा अर्थातच बंद होता.

“पैशात सांगा.”

“युनिटला दहा रुपये धरले तर... चोपन्न पैसे.”

“चार आणे २०११ सालीच बंद झाले,” काकू म्हणाल्या आणि काड्या कुंडीत टाकायला उठल्या. त्यातूनही मोटर, तारा, बॅटरी यांची जातायेताची गळती वजा होते आणि निम्म्याहून थोडं अधिक हाती लागतं, हे काकांनी त्या गेल्यावर मला हळूच सांगितलं.

काकांचं ड्रायव्हिंग बघण्यासारखं असतं. कांजूरचा सिग्नल चारशे मीटरवरून दिसला की त्यांचा पाय वर येतो. समोरच्या पडद्यावर चाकांकडून बॅटरीकडे जाणारे बाण उमटतात. काका ते बाण देवळातल्या समईसारखे बघतात. त्यांच्या आणि पुढच्या गाडीच्या मध्ये जी जागा तयार होते तिला मुंबईत रिकामी जागा म्हणत नाहीत, आमंत्रण म्हणतात. एक रिक्षा घुसते. काका आणखी हळू होतात. दुसरी घुसते. मग बेस्टची बस घुसते. एकदा आम्ही भांडुपहून निघालो तेव्हा सिग्नलला चौथे होतो आणि पोहोचलो तेव्हा अकरावे. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर झोपला होता. “त्याचा डिझेल ब्रेक आहे,” काका सहानुभूतीनं म्हणाले. “त्याला नाही कळायचं.”

पण एलबीएसनं त्यांचा एक भ्रम लवकरच मोडला. जितकं ट्रॅफिक तितकी वसुली, असं त्यांनी धरलं होतं. ते खोटं निघालं. वेग निम्मा झाला की त्यातली ऊर्जा चौथाई होते. साठवरून थांबलात तर चोपन्न, तिसावरून थांबलात तर जेमतेम साडेतेरा. आणि गांधीनगरजवळ संध्याकाळी सात वाजता गाड्या गोगलगायीसारख्या सरकतात, तिथे तर मोटर हातच लावत नाही, सगळं पॅडवर. म्हणजे भरघोस वसुली हवी तर आधी भरघोस वेग हवा, आणि वेगाला खर्च आलाच.

हा पेच काकांनी एका रविवारी माझ्यासमोर मांडला. काकूंनी ऐकून घेतलं आणि साधाच प्रश्न विचारला.

“थांबल्यावर निम्मं परत येतं. मग थांबायची वेळच येणार नाही अशी बेतानं चालवली तर सगळंच राहील ना?”

शास्त्र शंभर टक्के काकूंच्या बाजूनं होतं. न लावलेला ब्रेक हा सगळ्यात स्वस्त ब्रेक. लांबचं बघून, वेग बेताचा ठेवून, गाडी नुसती वाहू देणारा माणूस या बाणांपेक्षा जास्त वाचवतो. काकांनाही ते ठाऊक होतं. ते बराच वेळ गप्प बसले. मग अगदी खऱ्या व्याकुळतेनं म्हणाले, “हो. पण मग वसूल काय करायचं?”

घरातही पेडल एकच आणि ब्रेक दोन आहेत, हे मला रीडेव्हलपमेंटच्या सभेत कळलं. बिल्डरचा माणूस लॅपटॉप घेऊन आला होता. काकांनी त्याला थांबवायला सुरुवात केली, पण त्यांच्या पद्धतीनं: थोडं अडायचं, थोडं काढून घ्यायचं. कार्पेटमध्ये चार फूट वाढले. मग गच्चीवर सोलर आलं. मग भाड्याबरोबर टेम्पोचा खर्च आला, जातानाचा आणि येतानाचाही. बिल्डरचा माणूस हळू हळू होत गेला, पण पूर्ण थांबेना, आणि काका तर थांबायला तयारच नव्हते. आता ते मोडलेल्या खिडक्यांचं भंगार कुणाचं यावर आले होते. रात्रीचे साडेदहा वाजले. तेव्हा शेवटच्या रांगेतून काकू उठल्या. “झालं ते पुरे. लिहून द्या आणि घरी जा. मुलं उपाशी आहेत.” सभा जागच्या जागी थांबली. वेग कमी करण्याचं काम काकांचं. शेवटचे पाच फूट काकूंचे.

काकूंच्या थांबवण्यातून काही परत येत नाही. आवाज होतो, उष्णता होते आणि गोष्ट थांबते. काकांना याचं जन्मभर वाईट वाटत आलं आहे. गेल्या वर्षी सोनापूरला एक रिक्षा उजवीकडून डावीकडे, इंडिकेटर नावाच्या वस्तूची ओळख न दाखवता, गाडीच्या नाकासमोरून आडवी गेली. शेजारी बसलेल्या काकू ओरडल्या, काकांनी पेडल पार तळाशी नेलं, मोटर बाजूला झाली, चारही डिस्क करकचून आवळल्या गेल्या आणि गाडी रिक्षाच्या मागच्या “आई तुझा आशीर्वाद”पासून वीतभर अंतरावर थांबली. सगळे जिवंत होते. काकांनी पडद्याकडे बघितलं. एकही बाण नव्हता.

“पन्नासच्या वर होतो,” ते हळहळले. “सगळं उष्णतेत गेलं.”

“रिक्षावाला राहिला ना?” काकू म्हणाल्या. “तो वसूल झाला असं धरा.”

आता त्या चौथ्या मुद्द्याची गोष्ट. गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघे लोणावळ्याहून परत येत होतो. बोरघाट सुरू झाला आणि काकांची कळी खुलली. उतारच उतार! पाय नुसता वर ठेवायचा आणि बाण बघायचे. उजवीकडे ढगातून रेल्वेची लाइन दिसली तसे ते इतिहासात शिरले. १९२८ च्या सुमारास या घाटासाठी स्वित्झर्लंडच्या धर्तीची विजेची इंजिनं आली होती. नाकाड मोठं; रेल्वेवाले त्यांना खेकडा म्हणत. हे खेकडे सदतिसास एकच्या उतारावरून गाडी उतरवताना वीज परत तारेत सोडत, आणि ती खालून चढणाऱ्या गाडीच्या कामी येई. “जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी!” काका म्हणाले. “उतरणारा चढणाऱ्याला ढकलतोय. याला म्हणतात संस्कृती.”

संस्कृती खंडाळ्याच्या खाली दोन वळणांपर्यंत टिकली. मग बॅटरी भरली.

हिशेब नंतर पत्रिकेवर झाला तो असा. माणसं-सामानासकट साडेपंधराशे किलोचा ऐवज साडेपाचशे मीटर खाली आणायचा म्हणजे सव्वादोन युनिटच्या वर वीज. आणि अशा गाडीच्या बॅटरीची एकूण ऐपत पाऊण युनिटच्या आसपास. त्यातलीही सगळी वापरू देत नाहीत. खेकड्याला खालून चढणारी दुसरी गाडी होती. काकांना कुणीच नव्हतं.

इतका वेळ मुक्यानं उतरणारी गाडी एकदम गुरगुरायला लागली. जागा संपल्यावर ही यंत्रणा उरलेली वीज इंजिनाला नुसतं फिरवण्यात घालवते. पेट्रोल जळत नाही, पण आवाज मात्र चढावर असल्यासारखा येतो. आणि मदतीला डिस्क-पॅड. म्हणजे काकांच्या डोळ्यांदेखत, फुकट मिळालेली वीज, दर वळणाला, वाऱ्यावर.

मी काकांना असं कधी पाहिलं नव्हतं. “एसी लावा!” ते ओरडले. बाहेर धुकं होतं, पाऊस होता, काचांवर दव होतं. “फुल लावा! फुकट आहे! मोबाइल लावा सगळे! मागची काच तापवायचं बटण कुठे आहे?” ज्या माणसानं मे महिन्यात घाटकोपरच्या सिग्नलला एसीचं बटण बोटानं झाकून धरलं होतं, त्यानं त्या दिवशी आम्हाला खोपोलीपर्यंत फ्रीजमधल्या भाजीसारखं आणलं. माझी बायको ओढणी डोक्यावरून घेऊन बसली होती. मी मोबाइल लावला होता. तो आधीच भरलेला आहे हे सांगायची माझी छाती झाली नाही.

खोपोलीचा सपाट रस्ता लागताच एसी बंद झाला. “आता आपले पैसे,” काका म्हणाले. काकूंना पुढे चार दिवस सर्दी होती.

आणि मग गणपतीनंतर ते घडलं, ज्यामुळे मी हे लिहायला बसलो.

काका-काकू अकरा दिवस कोकणात गेले होते. रेल्वेचा पास वाया जाऊ नये म्हणून रेल्वेनं गेले आणि गाडी सोसायटीत उघड्यावर भिजत राहिली. परत आल्यावर पहिल्याच वळणावर ब्रेकमधून पाटा-वरवंट्यासारखा आवाज आला. काका गॅरेजमध्ये गेले, आधार म्हणून मी गेलो. पोरानं चाक काढलं, आत बघितलं आणि शिट्टी वाजवली.

“काका, गाडी किती वर्षांची?”

“दोन.”

“पॅड काल बसवल्यासारखे आहेत.”

काकांची छाती फुगली.

“पण डिस्क गंजलीय. वरवरची नाही, खड्डे पडायला लागलेत. लोखंडच ते. रोज घासलं तर चकचकीत राहतं. तुम्ही ब्रेक मारतच नाही.”

“मारत नाही कसा? मोटर...”

“मोटर बॅटरी भरते. डिस्क कोण घासणार? मुंबईची हवा खारी, वर पाऊस. तुम्ही असंच सांभाळत राहिलात तर एक दिवस सांभाळून सांभाळूनच खराब होईल.” त्यानं डिस्कवरून पॉलिश पेपर फिरवला, पॅडच्या पिना साफ केल्या आणि डॉक्टरसारखं सांगितलं, “आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर न्या. मागे कुणी नाही बघून सात-आठ वेळा खणखणीत ब्रेक मारा.”

“म्हणजे नुसतेच?” काकांच्या घशातून आवाज निघेना. “कशासाठीही नाही?”

“नुसतेच.”

“वाया?”

“वाया,” पोरगा म्हणाला आणि बिल लिहायला लागला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी सहाला काका ईस्टर्न एक्सप्रेसच्या कडेच्या सर्व्हिस रोडवर उधळपट्टीला जातात. काकू हौसेनं बरोबर येतात. नवऱ्याला जाणूनबुजून काही वाया घालवताना बघणं हे त्यांना लग्नानंतर प्रथमच मिळतं आहे. गेल्या डिसेंबरात मीही गेलो होतो. येऊरच्या डोंगरावरून वारा येत होता आणि मुलुंडला पडते तेवढी थंडी पडली होती. काका पन्नासला नेत, आरशात बघत, डोळे अर्धवट मिटत आणि पेडल दाबत. गाडी नाक खाली घालून थांबे. “एक,” काकू मोजत. पुन्हा पन्नास. “दोन.” आठव्याला काका घामाघूम झाले होते.

गाडी कडेला लावून ते उतरले. पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि चाकाच्या फटींतून आत बघू लागले. डिस्क नव्या ताटलीसारखी लखलखत होती. मला वाटलं, अखेर माणूस सुधारला. एखादी गोष्ट नुसती खर्चून टाकण्यातलं समाधान याला उतारवयात का होईना कळलं. मी जवळ गेलो.

काका दोन्ही तळहात चाकासमोर धरून शेकत होते.

“छान ऊब येते,” ते म्हणाले. “तुम्ही पलीकडच्या चाकाला बसा. जाऊ कशाला द्यायची?”

काकू खिडकीतून बघत होत्या. “चहाचं भांडं आणायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

काका विचारात पडले. त्यांनी चाकाकडे, मग फटींकडे, मग बोटांनी फटीच्या मापाकडे बघितलं.

“नाही बसणार,” ते खेदानं म्हणाले. “मी मागेच बघून ठेवलंय.”